डावा खांदा किती पाडायचा

माझ्या फोनमध्ये सहा सेकंदांची एक चित्रफीत आहे. त्यातला माझ्या कामाचा भाग जेमतेम सव्वा सेकंदाचा असेल. एप्रिलमधल्या एका दुपारी, अमेरिकेतल्या युटा राज्यात, पार्क सिटीच्या उतारावरच्या बर्फाचा दहीकाला होऊ लागला असताना, माझ्या मुलाने ती काढली. तिच्यात मी बर्फाच्या चढावावरून, म्हणजे इथले लोक ज्याला किकर म्हणतात त्यावरून, वर येते, कड्यावरून सुटते, डावीकडे गिरकी घेते, मध्येच पार आडवी होते आणि डाव्या कमरेवर आपटते. ही फीत वेग कमी करून मी निदान चाळीस वेळा पाहिली असेल. सुरुवातीला माझे सगळे लक्ष आपटण्याकडे होते. नंतर हवेत मी ज्या प्रकारे हात झाडत होते त्याकडे गेले. चूक मात्र या दोन्ही ठिकाणी नव्हती. ती स्कीची टोके कड्याला पोहोचण्यापूर्वीच्या चित्रात होती: माझा डावा खांदा तोवर पडून गेलेला होता.

मी मूळची सांगलीची. गेली बारा वर्षे साल्ट लेक सिटीत राहते, दिवसभर संगणकासमोर बसून पोट भरते आणि स्कीवर पहिल्यांदा उभी राहिले तेव्हा एकतीस वर्षांची होते. आता एकोणचाळीसची आहे. गेली दोन वर्षे मी ‘कॉर्क सेव्हन’ नावाची एकच उडी शिकते आहे. आईला फोनवर हे सांगितले तेव्हा तिने क्षणभर थांबून विचारले, “अगं, सात झाल्या म्हणजे संपणार का हे?” त्यामुळे आधी नावाचा उलगडा करणे बरे. ‘सेव्हन’ म्हणजे ७२० अंश, अर्थात दोन पूर्ण फेरे. इथल्या बोलीत मागचे आकडे गाळतात, म्हणून ५४० अंशांची ती ‘फाइव्ह’, ९०० ची ‘नाइन’ आणि १०८० ची ‘टेन’. पुढे तोंड करून सुटलेला माणूस ५४० अंश फिरला तर दीड फेरा होऊन तो पाठमोरा उतरतो आणि ७२० अंश फिरला तर पुन्हा तोंड पुढे करूनच उतरतो. पाठमोरे उतरणे ही वेगळीच विद्या असल्यामुळे, आकड्याने मोठी असूनही सेव्हन पुष्कळांना फाइव्हच्या आधी जमते. ‘कॉर्क’ हे नाव बाटलीचे बूच काढायच्या पिळदार सळईवरून, म्हणजे कॉर्कस्क्रूवरून आले, आणि सगळी गंमत तसेच सगळे दुखणे त्या शब्दातच आहे.

साध्या गिरकीत शरीर उभे असते आणि ज्या अक्षाभोवती ते फिरते तो अक्ष ताकातल्या रवीसारखा डोक्यापासून टाचांपर्यंत सरळ जातो. कोलांटी उडीत अक्ष कमरेतून आडवा, रहाटाच्या आसासारखा जातो. कॉर्कमध्ये तो या दोहोंच्या मध्ये कुठेतरी तिरपा असतो: शरीर पाठीकडे झुकलेले राहून फिरते, पाय खूप वर येतात, परंतु सहसा डोक्याच्या वर जात नाहीत. हाच कल आणखी वाढून पाठ जवळजवळ जमिनीला समांतर झाली, की त्या गिरकीला फ्लॅटस्पिन म्हणतात. त्याही पलीकडे जाऊन मागच्या बाजूला खरोखर उलटे झाले, की ती रोडिओ. पुढच्या बाजूला झुकून फिरणाऱ्यांचे घराणे निराळे. त्यात मिस्टी ही तिरप्या पुढच्या कोलांटीची उडी आहे. डावीकडे फिरणारा माणूस तिच्यात उजवा खांदा डाव्या पायाकडे झोकून देतो. या नावांच्या सीमारेषांवरून जाणकारांमध्ये जे वाद चालतात ते ऐकताना मला रागांच्या छटांवरून भांडणाऱ्या बुजुर्गांची आठवण होते, कारण दोन्हीकडे प्रत्येकाला स्वतःचेच बरोबर वाटते आणि बहुधा दोघेही थोडेथोडे बरोबर असतात.

मला सुरुवातीला जे समजावून सांगण्यात आले ते असे की, कॉर्क म्हणजे गिरकी अधिक कोलांटी. ही बेरीज मी वर्षभर डोक्यात बाळगली आणि तिने माझे नुकसान केले. दोन क्रिया आहेत असे मनाने घेतले की शरीर त्या एकामागून एक करू लागते: आधी फिरायचे, मग झुकायचे, किंवा उलट. प्रत्यक्षात क्रिया एकच असते आणि तिचा अक्ष जन्मतःच तिरपा असतो. भोवऱ्याची उपमाही मला अनेकांनी दिली, पण ती मला पटत नाही. भोवरा कलून डुलतो तो त्याची आर जमिनीवर टेकलेली असते आणि वजन त्याला एका बाजूला पाडू पाहते म्हणून. हवेतल्या माणसाला टेकायला आर नसते. गुरुत्वाकर्षण त्याला खाली ओढते खरे, पण पिळत नाही. त्यापेक्षा विटी-दांडूतली विटी जवळची. तिचे टोक दांडूने किती आणि कोणत्या बाजूने टोलले, यावर ती हवेत कशी गरगरणार हे त्याच क्षणी ठरून जाते, आणि एकदा उडाली की तिच्या बाबतीत कोणाचे काही चालत नाही. शास्त्राच्या भाषेत कोनीय संवेग कायम राहतो असे म्हणतात. स्की बर्फावर आहेत तोवरच बर्फाला रेटून शरीराला पीळ देता येतो. कडा सुटला की मिळाले तेवढेच भांडवल. गुडघे आणि हात जवळ घेऊन फिरण्याचा वेग वाढवता येतो, अंग सोडून तो कमी करता येतो, पण संवेगाची दिशा बदलता येत नाही.

माझा प्रशिक्षक माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान आहे आणि फार बोलत नाही. त्याने हे सगळे एका वाक्यात सांगितले होते: काय करायचे ते कड्यावर कर आणि वर गेल्यावर गप्प बस. हे अर्धसत्य आहे, हे मला नंतर कळले. एरियल्समधले, म्हणजे उंच किकरवरून कोलांट्या घेण्याच्या स्की-स्पर्धेतले खेळाडू कोलांट्या घेत असताना एक हात वर आणि दुसरा खाली नेऊन शरीर तिरके करतात आणि त्यातून हवेतच पीळ निर्माण करतात. संवेग तोच राहतो, परंतु शरीर त्याच्या संदर्भात कलल्यामुळे तो पिळाच्या रूपाने प्रकट होतो. उंचावरून उलटी सुटलेली मांजर हवेतल्या हवेत वळून पायांवर उतरते तेव्हा तिच्याजवळ तर फिरकीचे भांडवलही नसते. अंगाचा पुढचा आणि मागचा भाग वेगवेगळा वळवूनच ती ते साधते. तथापि एकोणचाळीस वर्षांच्या नवशिकीला अर्धसत्य पुरेसे असते, किंबहुना पूर्ण सत्य कळल्यावर मी हवेत पुन्हा हात झाडायला लागले असते.

या तिरपेपणाचा एक प्रसिद्ध तंटा माझ्या घरापासून पाऊण तासाच्या अंतरावर झाला आहे. २००२ च्या हिवाळी ऑलिंपिकमधल्या मोगल्सच्या, म्हणजे बर्फाच्या उंचवट्यांवरून उतरण्याच्या स्पर्धा पार्क सिटीजवळच्या डीअर व्हॅलीत झाल्या. त्या काळी मोगल्समध्ये उलट्या उड्यांना बंदी होती. १९९८ मध्ये नागानोला सुवर्णपदक मिळवलेल्या जॉनी मोझलीने इथे ‘डिनर रोल’ नावाची ७२० अंशांची तिरपी उडी आणली, जिच्यात शरीर आडवे होऊन फिरत होते, परंतु पाय डोक्याच्या वर जात नव्हते. माणूस उलटा झाला असे नेमके कधी म्हणायचे, हा प्रश्न एखाद्या न्यायशास्त्राच्या पोथीत शोभेल. तो पंचांना एका स्कीपटूच्या बुटांबद्दल सोडवावा लागला. उडी ग्राह्य धरली गेली. प्रेक्षकांना ती सर्वांत जास्त आवडली, पण पंचांच्या गुणपद्धतीत तिच्या अवघडपणाचे पुरेसे मोल नव्हते आणि मोझली चौथा आला. सुवर्णपदक फिनलंडच्या यान्ने लाहतेलाला मिळाले. पुढच्याच वर्षी मोगल्समध्ये उलट्या उड्यांना परवानगी मिळाली. तो उतार मी आता दर हिवाळ्यात पाहते आणि दर वेळी मला वाटते की चौथा क्रमांक इतका लक्षात राहिलेला दुसरा माणूस शोधूनच काढावा लागेल.

त्याच सुमारास साधनेही बदलत होती. जुन्या स्कीचे मागचे टोक सपाट असे, त्यामुळे पाठमोरे उतरले की ते बर्फात रुतायचे. कॅनडातल्या विस्लरचा माइक डग्लस आणि त्याच्या जोडीदारांच्या आग्रहातून सालोमन कंपनीने १९९८ मध्ये दोन्ही टोके वर वळलेली स्की बाजारात आणली. तिचे नावच ‘टेनएटी’, म्हणजे १०८० अंश. आज मी वापरते ती स्की तिच्याच वंशातली आहे.

सराव सुरू झाला तो बर्फावर नव्हे, तर ट्रॅम्पोलिनवर. इथे मला एक गुप्त भांडवल आहे असे मी समजत होते. शाळेत असताना मी पाच वर्षे दोरीचा मल्लखांब केला होता. उलटे लटकून जगाकडे पाहण्याची सवय असल्यामुळे डोके खाली गेले की पुष्कळ प्रौढांना जी धडकी भरते ती मला भरत नव्हती आणि प्रशिक्षकाला त्याचे आश्चर्य वाटले. पण तिसऱ्या आठवड्यात त्याने विचारले की, तुझे पाय हवेत असे वेडेवाकडे का होतात? मी फीत पाहिली. गिरकीच्या मध्यावर, शरीर आडवे होताच, माझ्या मांड्या आवळल्या जात होत्या, एक पाय दुसऱ्यावर चढत होता आणि, हे फितीत दिसत नव्हते पण मला मोज्याच्या आत स्पष्ट कळत होते, पायाचा अंगठा शेजारच्या बोटाला घट्ट चिकटत होता. त्या दोन बोटांच्या मध्ये दोरी असायची. वीस-पंचवीस वर्षांनंतर, दुसऱ्या खंडातल्या एका गोदामवजा व्यायामशाळेत, माझे पाय अढी मारण्यासाठी दोरी शोधत होते.

मल्लखांबात उलटे होणे म्हणजे पकड वाढवणे. इथे उलटे होणे म्हणजे सगळी पकड सोडून देणे. ही एक गोष्ट मोडायला मला अडीच महिने लागले. मध्यंतरी गुडघे फार जोरात छातीकडे ओढल्याने उजवा गुडघा हनुवटीवर बसला, जीभ दाताखाली आली आणि चार दिवस मऊ वरणभातावर काढावे लागले. मुलगा म्हणाला की, आई, निदान घरात शांतता तरी आहे. त्याला त्याच हिवाळ्यात ही उडी तीन शनिवारांत जमली होती, याची नोंद इथे केवळ प्रामाणिकपणापोटी करते.

उन्हाळ्यात पाणी. युटा ऑलिंपिक पार्कमध्ये एक मोठा तलाव आहे आणि त्याच्या काठावर प्लास्टिकचे आच्छादन घातलेले उतार व किकर उभे केलेले आहेत. आच्छादनावर सतत पाणी शिंपडत असतात, म्हणजे स्की घसरते. तुम्ही पाण्यात घालायचा वेटसूट, तरंगण्याचे जाकीट आणि शिरस्त्राण घालून, पायांत खरे स्की-बूट आणि स्की चढवून सुटता आणि पाण्यात पडता. पडण्याच्या जागी तळातून हवेचे बुडबुडे सोडून पाणी मऊ केलेले असते. वरून पाहिले तर तेवढा भाग उकळी फुटल्यासारखा पांढरा दिसतो. पहिल्या दिवशी मला भीती उडीची वाटली नाही, त्या पांढऱ्या वर्तुळाच्या बाहेर पडण्याची वाटली.

लोकांना त्या तलावातल्या उड्याच दिसतात. पण संध्याकाळच्या खऱ्या वेळाचा हिशेब केला तर तो जातो जिन्यावर. पाण्याने भरलेले बूट, खांद्यावर स्की आणि पायऱ्याच पायऱ्या. पायरीगणिक बुटातले पाणी पचपच वाजते आणि घोट्याजवळून कारंज्यासारखे उसळते. दोन तासांत मला बारा-तेरा उड्या मिळायच्या, म्हणजे हवेत असण्याचा एकूण काळ वीस सेकंदांच्या आत. एका संध्याकाळी जिना चढताना मी हा हिशेब मांडला आणि नंतर पुन्हा कधी मांडायचा नाही असे ठरवले.

ट्रॅम्पोलिनवर जमलेली गिरकी तलावावर जमेना, याचे कारण मला आधी भीतीच वाटले. मग मी कागद घेऊन बसले. माझी एक स्की १७५ सेंटिमीटर लांब आणि सुमारे १.८ किलो वजनाची आहे. ती एकसारखी सळई आहे असे मानले, तर स्वतःच्या मध्याभोवती तिचे जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरवले जाण्याला तिचा होणारा विरोध, जवळपास ०.४६ किलोग्रॅम-चौरस मीटर निघते, आणि दोहोंचे मिळून ०.९ च्या वर. हात अंगालगत घेऊन सरळ उभ्या असलेल्या माणसाचे, उभ्या अक्षाभोवती, साधारण १ च्या आसपास असते. म्हणजे पायांत स्की चढवल्या की गिरकीच्या बाबतीत मी जवळजवळ दोन माणसे होते, आणि त्यातला दुसरा माणूस सगळाच्या सगळा घोट्यांना बांधलेला असतो. ट्रॅम्पोलिनवर नुसती मान वळवली तरी शरीर मागून येते. इथे खांदे फिरायचे, कंबर फिरायची आणि स्की मागे रेंगाळायच्या, लग्नाच्या वरातीत म्हाताऱ्या आत्याबाई रेंगाळतात तशा. उपाय एवढाच की पीळ खांद्यांनी नव्हे तर पायांनी, बर्फाला किंवा प्लास्टिकला रेटून, सुटण्याच्या आधी द्यायचा आणि सुटल्यावर गुडघे वर घेऊन स्की शरीराजवळ आणायच्या. स्कीला हाताने धरणे, ज्याला ग्रॅब म्हणतात, त्याचाही मला उमगलेला खरा उपयोग हाच आहे. उजव्या हाताने उजव्या बुटाखालची कडा धरली की गुडघे आपोआप वर राहतात आणि हाताला झाडाझाडी करायला सवड उरत नाही. प्रेक्षकांना ती शोभा वाटते. माझ्यासाठी ती लहान मुलाच्या हातात खाऊ देऊन त्याला गप्प बसवण्यासारखी युक्ती आहे.

पाण्याचा दोष असा की ते फार क्षमाशील असते. फेरा थोडा कमी पडला, थोडा जास्त झाला, पाठ थोडी मागे राहिली, तरी शेवट एकच: पाण्यात डुबकी. उतरून पुढे घसरत जाणे तिथे नसतेच. त्यामुळे शेवटच्या पाव फेऱ्यात जमीन शोधण्याची सवय मला लागली नाही. उताराच्या आकाराच्या मोठ्या हवाभरल्या गाद्यांवर ही उणीव बरीच भरून निघते म्हणतात, पण माझ्या वाट्याला त्या तीनच वेळा आल्या.

जमीन शोधणे हा स्वतंत्र विषय आहे. कानातल्या अर्धवर्तुळाकार नलिका फिरण्याचा बदल ओळखतात, परंतु सव्वा सेकंदात दोन फेरे घेताना त्यांच्यावर भिस्त ठेवणे म्हणजे वावटळीत फिरणाऱ्या वातकुक्कुटाला दिशा विचारणे. डोळेच खरे. डावीकडच्या कॉर्कमध्ये सुटताना नजर डाव्या खांद्यावरून वर आणि मागे जाते. आधी आभाळ दिसते, मग ज्यावरून सुटलो तो किकर तिरपा आणि चुकीच्या बाजूला दिसतो, मग पुन्हा आभाळाचा एक तुकडा आणि अखेरीस, शेवटच्या अर्ध्या फेऱ्यात, उतरण्याची जागा. ही चार चित्रे ओळखीची झाली की वेळ वाढल्यासारखा वाटतो. तोवर सगळे नुसते पांढरे असते.

बर्फावर जाण्याआधीचा सप्टेंबर मी काहीच न करता घालवला, आणि त्याचे कारण लिहायला मला आवडत नाही, पण ते टाळणे खोटेपणाचे होईल. १० जानेवारी २०१२ रोजी कॅनडाची सारा बर्क याच पार्क सिटीत हाफपाइपमध्ये, म्हणजे अर्ध्या कापलेल्या नळीसारख्या बर्फाच्या उतारावर, सराव करताना पडली आणि १९ जानेवारीला तिचे निधन झाले. उडी होती फ्लॅटस्पिन ५४०, म्हणजे तिच्या दर्जाच्या खेळाडूसाठी रोजच्या सरावातली. मानेतल्या एका रक्तवाहिनीला इजा झाली होती. स्त्रियांच्या स्की हाफपाइपला ऑलिंपिकमध्ये जागा मिळावी म्हणून तिने वर्षानुवर्षे खटपट केली होती आणि २०१४ च्या सोचीमध्ये हा खेळ आला तेव्हा ती नव्हती. मी तिची कहाणी पूर्वीही ऐकली होती. पण फ्लॅटस्पिन म्हणजे शरीराचे नेमके काय होते, हे आपल्या अंगाला कळल्यावर ती वेगळी ऐकू येते. नवऱ्याने मला काहीही म्हटले नाही. त्याने फक्त माझ्या विम्याची कागदपत्रे एका फाइलमध्ये नीट लावून ठेवली.

जानेवारी ते मार्च मी बर्फावर फक्त सरळ उड्या आणि ३६० अंशांच्या उभ्या गिरक्या घेतल्या, त्याही मऊ दिवस पाहून. मग एप्रिल आला. ज्या किकरवर हा सारा उद्योग चालला तो मोठा नव्हे: कडा आणि उतरण्याच्या उताराचा आरंभ यांत सात-आठ मीटर अंतर असेल. कड्यापासून शरीर सव्वा मीटर वर गेले तर त्याच उंचीला परत यायला एक सेकंद लागतो, आणि उतार खाली असल्यामुळे आणखी तीन दशांश सेकंद मिळतो. एवढ्या वेळात दोन फेरे. पहिला प्रयत्न म्हणजे आरंभी सांगितलेली चित्रफीत. खांदा लवकर पडला, त्यामुळे मी कड्यावर उभी राहण्याऐवजी कललेलीच होते. पायांचा रेटा वर जाण्याऐवजी बाजूला गेला, उंची मिळाली नाही आणि उतार सुरू होतो त्या कंगोऱ्यावर, ज्याला इथे नकल म्हणतात, डावी कंबर आदळली. तिथे आठवडाभर जांभळाच्या रंगाचा डाग होता.

मराठीत खांदे पाडणे म्हणजे हिरमुसून बसणे. त्या आठवड्यात मी दोन्ही अर्थांनी खांदे पाडून होते. प्रत्येक प्रयत्नात प्रश्न एकच: डावा खांदा किती पाडायचा? थोडा पाडला की गिरकी उभीच राहायची आणि कॉर्क व्हायचीच नाही. जास्त पाडला की वर उल्लेखलेला डाग. प्रशिक्षकाने शेवटी जे सांगितले त्यात खांद्याचा उल्लेखच नव्हता. त्याने मला किकरशेजारी सपाट जागेवर उभे केले आणि म्हटले की, तुझ्या मागच्या भिंतीवर, छताजवळ एक घड्याळ आहे असे समज; पाय न हलवता डाव्या बाजूने वळून त्यात किती वाजले ते पाहा. मी पाहिले. तो म्हणाला, आता खांद्याकडे बघ. डावा खांदा आपसूक खाली आणि मागे गेला होता, चार-पाच बोटे, त्याहून अधिक नाही. मात्र हे पाहायचे ते पूर्ण उंच झाल्यावर, टाचा बुटात उचलल्यासारख्या वाटतात त्या क्षणी, त्याआधी नाही. मी त्याचे दोन शब्द केले आणि किकर चढताना ते मोठ्याने म्हणू लागले: “ऊठ. बघ.” लिफ्टच्या रांगेतल्या लोकांना ते कोणत्या भाषेतले मंत्र वाटले कोण जाणे.

सहाव्या की सातव्या वेळी ती झाली. मला आठवते ते असे: आभाळ, मग लिफ्टची तार माझ्या दोन स्कीच्या मधोमध, मग किकर, जणू कोणी भिंतीवर वाकडा टांगलेला, आणि मग अकस्मात खालचा उतार, आहे तिथेच, शांतपणे माझी वाट पाहत असलेला. गुडघे पार छातीपर्यंत दुमडले, डावा तळहात बर्फाला घासला आणि मी पुढे घसरत गेले. मुलगा खालून ओरडला, “आई, हात लागला!” पंचांनी त्याचे गुण कापले असते हे खरे आहे. त्या दिवशी हात न लागता एकदा, आणि सीझन संपेपर्यंत एकूण अकरा वेळा मी कॉर्क सेव्हन उतरले. न उतरलेल्या किती, हे मुलाच्या वहीत आहे आणि ती वही तो दाखवत नाही.

त्यानंतर मी २०२२ च्या बीजिंग ऑलिंपिकमधली स्त्रियांची बिग एअरची, म्हणजे मोठ्या किकरवरून एकेका उडीच्या स्पर्धेची, अंतिम फेरी पुन्हा पाहिली. फ्रान्सच्या तेस लेद्यूने पहिल्याच फेरीत दुहेरी कॉर्क १६२० उतरवली होती. शेवटच्या फेरीपूर्वी चीनची आयलीन गू तिसऱ्या स्थानावर होती आणि तिने तीच उडी, स्वतः स्पर्धेत पूर्वी कधी न केलेली, डावीकडे फिरत घेतली. एकूण गुण १८८.२५ विरुद्ध १८७.५०. साडेचार फेरे आणि त्यात अक्ष दोनदा खाली झुकतो. पूर्वी पाहिले तेव्हा मी फेरे मोजायच्या नादात हरवले होते. या वेळी चित्र कड्यावर थांबवले. ती ताठ उभी आहे, पूर्ण उंचीला, आणि नजर नुकतीच डाव्या खांद्यावरून निघाली आहे.

ऑक्टोबरपासून पुन्हा ट्रॅम्पोलिन सुरू झाले आहे, या वेळी उजवीकडून. उजव्या बाजूने मला साधी ३६० देखील नीट येत नाही. डोके वळते, धड वळत नाही, आणि गेल्या मंगळवारी फीत पाहिली तर पायाचा अंगठा पुन्हा दोरी शोधत असावा असे पावलांवरून दिसत होते. प्रशिक्षकाला मी तसे सांगितले. त्याने उजव्या बाजूच्या भिंतीवर, छताजवळ, खरेच एक घड्याळ आणून टांगले आहे. ते सात मिनिटे मागे आहे.